विजेच्या मुंग्या

प्लॅस्टर निघाले तेव्हा माझी मांडी उसाच्या चिपाडासारखी झाली होती. भात कापणीला आलेले आणि मी ओट्यावर! आमचे सुदुंबरे म्हणजे संताजी जगनाड्यांचे गाव. दुखण्यावर तेल हा इथला धर्मच. सौभाग्यवतीने वाटीवर वाटी जिरवली, पण पाय उचलेना. अखेर तळेगाव गाठले. माझ्या मुलीच्या वयाच्या बाईंनी मांडीवर दोन पट्ट्या चिकटवून कळ फिरवली. आधी मुंग्या, मग मांडी आपसूक उडू लागली. गॅल्व्हानीच्या १७९१ सालच्या प्रबंधातला बेडूक तो मीच, म्हटले!

"काका, वीज स्नायूला नुसते जागे करते. पाय उचलायचा तुम्हीच," बाई म्हणाल्या.

महिनाभर उचलला, कण्हत. काल काठीशिवाय बांधापर्यंत गेलो. परतलो, तर सौभाग्यवती तेल कोमट करून बसलेली.