आधी त्याचं सांग

वारणा कारखान्याचा बॉयलर पेटला की आमच्या भागातल्या शाळांचे वर्ग बदलतात. बीडकडच्या ऊसतोड मजुरांच्या कोप्या, म्हणजे तात्पुरत्या झोपड्या, शिवारात उभ्या राहतात आणि त्यांची मुलं वर्ष अर्ध्यावर आलेलं असताना येऊन बसतात. मी वारणानगरजवळच्या अशाच एका शाळेत शिकवते. भांडणं वाढतात तीही याच दिवसांत.

आमची मुलं मोठ्यानं बोलतात. 'काय रं' म्हणत पाठीत थाप घालतात, त्यात माया असते. नव्या मुलाला तो मार वाटतो. तो गप्प राहतो, साठवत जातो आणि मग एकदम हात उचलतो. हा दुष्टपणा नाही. राग आला की तो बोलून कसा दाखवायचा, हे त्याला कुणी शिकवलेलंच नसतं.

शांतिलाल मुथ्था यांच्या फाउंडेशनचा 'मूल्यवर्धन' कार्यक्रम २००९ मध्ये बीड जिल्ह्यातल्याच जिल्हा परिषद शाळांत सुरू झाला आणि पुढे राज्यभर गेला. त्यात मुलांना जोडीनं, गटानं बोलतं करतात. मी वर्गात तेच धरलं आणि भांडणापुरता एक नियम जोडला: आपली बाजू मांडण्याआधी समोरच्याचं म्हणणं सांगायचं, तेही त्याला पटेल असं.

डिसेंबरात नळावर जुंपली. गावातला पोरगा तक्रार घेऊन आला, "बाई, ह्यानं मला ढकललं. रोज रांग मोडून बाटल्या भरतोय." कोपीवरचा मुलगा मान खाली घालून उभा. मी निकाल दिला नाही. दोघांना पायरीवर बसवलं. गावातल्यानं आधी विचारलं, "का भरतोस एवढ्या?" उत्तर यायला वेळ लागला. आईबाप पहाटेच फडात जातात, धाकटी बहीण कोपीवर असते, मधल्या सुट्टीत तिला पाणी पोचवून परत यायचं असतं. गावातल्यानं हे सगळं पुन्हा बोलून दाखवलं. मग दुसऱ्यानं त्याचं सांगितलं: रांगेत उभं राहूनही पाणी मिळत नाही, म्हणून हा चिडतो. बाटल्या आधी भरायच्या, पण विचारून, हे त्यांनीच ठरवलं.

उठताना एकजण म्हणाला, "आता हात मिळवा, कुस्ती सुटली." वारणा कारखान्याचे संस्थापक तात्यासाहेब कोरे यांच्या स्मृतिदिनाला, १३ डिसेंबरला, वारणानगरात कुस्त्यांचं मोठं मैदान भरतं. लढतीनंतर हात मिळवणारे पैलवान या मुलांनी तिथंच पाहिलेले.

सगळीच भांडणं अशी मिटत नाहीत. ज्याला सतत छळलं जातं, त्याला समेट करायला बसवणं हा अन्याय आहे. तिथं मोठ्यांनी मध्ये पडून छळ थांबवलाच पाहिजे.

पालकांना माझी एक विनंती आहे. मूल भांडून घरी आलं तर "तू पण दोन ठेवून द्यायच्यास" असं म्हणू नका. "तो काय म्हणत होता?" एवढं आधी विचारा, आणि उत्तर येईपर्यंत थांबा.