पडद्यांवरच्या खाचा

लांबून ती गिटारच वाटली. निळा ड्युको पेंट, खालच्या अंगाला करवतीनं काढलेली दोन शिंगं, एका कोपऱ्यात जुन्या रेडिओचं तपकिरी बॅकेलाइटचं बटण. कल्याणला शिवाजी चौकाजवळच्या गल्लीत, अॅम्प्लिफायर दुरुस्त करणाऱ्या एका छोट्या दुकानात, फाटक्या कोनांच्या स्पीकरांवर ती खिळ्याला टांगलेली होती. जवळ गेले तेव्हा मानेच्या जागी बटणांच्या रांगा दिसल्या. बेंजो. आपला हळदीतला, विसर्जनातला, बटणं दाबून वाजवायचा बेंजो. फक्त कुणीतरी त्याला इलेक्ट्रिक गिटारचं अंग दिलं होतं.

"ताई, इकायला नाय तो," दुकानदारकाका मान वर न करता म्हणाले. "ज्याचा हाय तो येल न्यायला."

"नुसता बघू का?"

"बघा ना. खुंट्या नका पिळू फक्त."

जुन्या गिटारची पारख करणारे लोक ती आधी वाजवत नाहीत, आधी उलटी करतात. मीही तेच केलं. मागची फळी सागाची. वजनावरूनच कळत होतं. स्क्रू सगळे एका खाचेचे, फक्त दोन स्टारचे, म्हणजे तेवढे नंतर बसवलेले. पट्टा अडकवायच्या दोन्ही कड्या त्याच नव्या स्क्रूंवर होत्या. म्हणजे बैठकीत मांडून वाजवलेला हा बेंजो पुढे कधीतरी गळ्यात अडकवून मिरवणुकीत चालू लागला. निळा रंग एका टवक्याखाली संपत होता आणि तिथून लाल डोकावत होता, लालाखाली कच्चं लाकूड. बनवणाऱ्याचं नाव कुठेही नाही.

घोडीजवळ पत्र्याचं झाकण होतं. मी विचारायच्या आत काकांनीच ते उघडून दिलं. आत काळ्या दोऱ्याने बांधलेली दोन चिमुकली वेटोळी, लोखंडी जिभांवर उभी. "टेलिफोनचा कान हाय तो," ते म्हणाले. जुन्या काळ्या टेलिफोनच्या रिसिव्हरमध्ये चुंबक असतो, त्यावर तांब्याची वेटोळी असतात आणि समोर पातळ चकती. चकती काढली आणि तिच्या जागी पोलादी तारा आणल्या, की झाला गिटारचा पिकअप. तार चुंबकाजवळ थरथरली की वेटोळ्यात बारीकशी वीज उठते, तत्त्व तेच. काकांनी मीटर लावला. शंभर ओहमच्या जरा वर. बाजारात मिळणाऱ्या गिटारच्या पिकअपला सहा-सात हजार ओहम सहज भरतात. म्हणून हा बेंजो गिटारच्या अॅम्प्लिफायरला लावून चालत नाही, अहुजाच्या लाउडस्पीकर-अॅम्प्लिफायरच्या माइकच्या सॉकेटलाच लावावा लागतो. सुरासाठी धरलेल्या चार तारांपैकी तीन पितळेच्या होत्या. पितळ चुंबकाला दिसतच नाही, त्या तारा स्पीकरमधून ऐकू येणार नाहीत. चौथी मात्र कुणीतरी बदलून पोलादी घातली होती. वाजवणाऱ्याला हे कुठल्याही पुस्तकाशिवाय समजलं होतं, आणि त्या चौथ्या तारेनं मला फार आनंद दिला.

हे वाद्य मूळ जपानचं. नागोयाच्या मोरिता गोरो यांनी १९१२ साली तायशोगोतो तयार केला. तारांवर टाइपरायटरसारखी बटणं बसवायची कल्पना त्यांची. तो आपल्याकडे येऊन बुलबुलतरंग झाला, घराघरांत मुलांच्या हातात गेला. आणि लॉस एंजेलिसमध्ये १९३२ साली रिकनबॅकरने बाजारात आणलेली पहिली इलेक्ट्रिक गिटार, जॉर्ज बोशांची, अॅल्युमिनियमची, गोल पोटाची, तीही मांडीवर आडवी ठेवूनच वाजवायची होती. हवाईयन पद्धतीची. उभी, छातीशी धरलेली, नाचत वाजवायची गिटार नंतरची. त्यामुळे पिकअप लावलेल्या बेंजोला 'गिटारची नक्कल' म्हणणं मला पटत नाही. पोलादी तार, पडदे, लाकूड, चुंबक, वेटोळं: घराणं एकच आहे. मुंबईत व्हॅन शिप्ली स्वतः घडवलेली आठ तारांची इलेक्ट्रिक गिटार आडवी घेऊन सिनेमाची गाणी वाजवत, आणि त्यांच्या तबकड्या आज संग्राहक शोधत फिरतात. ठाणे जिल्ह्यातल्या सुतारांनी आणि रेडिओ मेकॅनिकांनी मिळून घडवलेले बेंजो मात्र भंगारात जातात.

बेंजोचा माझा कान तयार झाला तो हळदीत. शाळेत असताना, डोंबिवलीच्या पूर्वेला भोपरला, मैत्रिणीच्या भावाची हळद होती. तेव्हा तिथे भातशेती होती आणि रस्ता संपल्यावर बांधावरून जावं लागे. आगरी लग्नात धवलारीण असते. लग्नाचे विधी तिच्या गाण्यांनी, धवल्यांनी चालतात. मांडवाच्या एका खांबाशी ती म्हातारी बसली होती आणि चार-पाच सुरांत फिरणारं एक लांबच लांब गाणं म्हणत होती. कुणी ऐकत होतं, कुणी नव्हतं. भांड्यांचा आवाज, मटणाचा वास, पोरांची पळापळ. बेंजो पार्टी येऊन बसलेली: ढोलकी, कच्छी ढोल, टिमकी, आणि टेबलावर लाल बेंजो. पोरं ओरडत होती, "चालू करा, चालू करा." बेंजोवाले दादा थांबले होते. म्हातारीचं कडवं संपलं, तिनं श्वास घेतला, आणि त्या श्वासात दादांनी तिचीच चाल बेंजोवर उचलली. ढोलकी नाही, काही नाही. नुसते तेच चार-पाच सूर.

आता अडचण अशी, की बेंजोच्या बटणाखालची पट्टी तार सरळ पडद्यावर दाबते. एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जायची सोय त्यात नाही, आणि म्हातारीचं गाणं तर सगळं घसरण्यातच होतं. मी टेबलाच्या अगदी जवळ उभी होते. दादांच्या उजव्या हाताची बोटं तार छेडत होती आणि त्याच हाताचा तळवा घोडीच्या मागे, तारेवर हलकेच दाब देत होता. तार ताणली जाई, सूर वर सरके, दाब सैल झाला की खाली येई. म्हातारीनं मान वळवून बघितलं. मग पुढचं कडवं तिनं बेंजोबरोबर म्हटलं, थोडं वरच्या पट्टीत, कारण बेंजो तिथे होता. मांडव गप्प झाला असं मी म्हणणार नाही. भांडी वाजतच होती. पण स्वयंपाकाकडच्या बायका हात पुसत बाहेर आल्या आणि धवला त्यांनीही उचलला. किती वेळ चाललं कोण जाणे. शेवटी दादांनी ढोलकीवाल्याला डोळ्यानं खूण केली आणि 'मी डोलकर' सुरू झालं. शांता शेळक्यांचे शब्द, हृदयनाथांची चाल. बेंजोवर शब्द नसतात, तरी अख्खा मांडव ते म्हणत होता. पहाटे आम्ही बांधावरून परत आलो तेव्हा माझ्या फ्रॉकला हळद लागली होती आणि कानात ती घसरण होती.

कल्याणच्या निळ्या बेंजोवर घोडीच्या मागे तळव्याएवढा रंग उडालेला आहे. लाकूड तिथे गुळगुळीत, काळपट झालंय. म्हणजे हा बेंजो वाजवणाऱ्यालाही तसाच दाब द्यायची सवय होती. पडद्यांवर दोन-दोन बारीक खाचा आहेत, कारण चालीच्या तारा दोन, एकाच सुरात लावलेल्या. मधल्या सप्तकातल्या सा, रे, ग, प यांच्या पडद्यांवर त्या खोल आहेत, कोमल स्वरांच्या पडद्यांवर जेमतेम. वरच्या टोकाचे पडदे कोरे. कोळीगीतं, लग्नाची गाणी, गणपतीची आरती. हा माणूस आयुष्यभर काय वाजवत होता ते तिथे पितळेत कोरलेलं आहे. पडदे बदलून घेतले तर बेंजो सुरात येईल, किंमतही वाढेल. मी असते तर बदलले नसते.

हल्ली हळदीत डीजे असतो. रात्री दहाला आवाज बंद करायचा नियम २००० सालापासून आहे आणि तो मला योग्यच वाटतो. पण त्या दहाच्या आत काय वाजवायचं हे तर आपल्या हातात आहे. रवी जाधवांनी २०१६ साली 'बँजो' नावाचा हिंदी सिनेमा केला तेव्हा या वाद्याची थोडी चर्चा झाली. मला वाटलं होतं आता कुणीतरी बेंजो घडवणाऱ्या कारागिरांची माहिती गोळा करील.

अरबी समुद्राच्याच किनाऱ्यावर, सीमेपलीकडे मात्र बेंजोचं नशीब निराळं निघालं. कराचीच्या ल्यारीत बलोच लोकांनी तो मोठा केला, त्याची पेटी लांब केली, आणि बिलावल बेल्जियम नावाच्या वादकानं त्याला मैफलीत बसवलं. बलोचांच्या मकरान किनाऱ्यावरही मासेमारीच चालते, नाचही तिथे असतोच. लेवा म्हणतात त्याला, आफ्रिकेतून आलेल्यांनी आणलेला. ल्यारीच्या एखाद्या बेंजोवर 'मी डोलकर' कसं वाजेल ते मला ऐकायचं आहे, आणि भोपरच्या ढोलकीवर लेवाचा ठेका. दोन्हीकडचे वादक एका टेबलाशी बसले, तर पहिली दहा मिनिटं ते नक्कीच एकमेकांचे पिकअप उघडून बघत बसतील.