हवा कमी पडत होती

ऑर्गन म्हटले की संगीत नाटकांच्या साथीचा, पायाने भाता मारायचा ऑर्गन आठवतो. आमच्या मुंब्र्याच्या घरातला त्याचाच धाकटा भाऊ. रीड पेटीसारख्याच पितळी, पण भात्याऐवजी आत विजेचा पंखा. पंखा हवा भरतो. पट्टी दाबली की रीडची वाट उघडते आणि सूर निघतो.

अब्बांनी तो दम्मामहून आणला. तिथे त्यांनी २२ वर्षे इलेक्ट्रिशियनचे काम केले. इथे मात्र तो कधी नीट वाजला नाही. खालचे सूर धापा टाकत, मोटर तापे. कल्याणच्या एका कारागिराने सामान मिळत नाही म्हणून परत पाठवला. यंदा रमजानपूर्वीच्या साफसफाईत धाकटा भाऊ म्हणाला, "भंगारात देऊन टाकू." अब्बा गप्प राहिले. हात कापू लागल्यापासून ते घरातल्या कुठल्याच गोष्टीत बोलत नाहीत. मला ते खुपले.

मी ऑर्गन त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी मागचा शिक्का वाचायला लावला : ११० व्होल्ट, ६० हर्ट्झ.

"ट्रान्सफॉर्मर व्होल्ट उतरवतो बेटा, हर्ट्झ नाही. आपल्याकडे ५०. मोटर तितकी हळू फिरते."

पंख्याचा वेग सहाव्या हिश्श्याने घटला, की हवेचा दाब जवळपास ३० टक्क्यांनी घटतो.

"मग तेव्हाच का नाही केलंत?"

"दोन महिन्यांच्या सुट्टीत छप्पर बघायचं की बाजा? आणि नंतर कुणी विचारलं नाही."

अब्बा सांगत गेले आणि माझ्या नववीतल्या मुलीचे हात चालले. जुनी मोटर काढून लॅमिंग्टन रोडवरून आणलेला १२ व्होल्टचा ब्लोअर बसवला. साधा पंखा चालत नाही, तो पुरेसा दाब देत नाही. अडॅप्टर बाहेर ठेवल्याने पेटीत २३० व्होल्ट येतच नाहीत. कडक झालेला फोम काढून पेटीवाल्याकडचे फेल्ट लावले. अगरबत्ती फिरवली, जिथे धूर उडाला, तिथे गळती. रीड मऊ ब्रशने झाडल्या. एक सूर उतरला होता. रीडचे टोक घासले की सूर चढतो, बुडाशी घासले की उतरतो. दोनदा घासायचे, ऐकायचे, मगच पुढे. गेलेले पितळ परत येत नाही.

वरचे दोन सूर अजून बोलत नाहीत, ब्लोअरही थोडा घोंगावतो. पण आता शेजारपाजारचे मिक्सर आणि इस्त्र्या आमच्याकडे येतात. अब्बा सांगतात, नात स्क्रू फिरवते. जेवताना दोघांचा वाद चालतो.

इसराफ टाळा, असे आपण मुलांना सांगतो. तेव्हा भंगारवाल्याला हाक मारण्याआधी घरातल्या वडीलधाऱ्यांना एकदा विचारून पाहा.