लोणारचे जिवाणू आणि गावाची नोंदवही

परवा बांधावर एका काकांनी विचारलं, "लोणारच्या पाण्यावर पीक येत नाही, मग शास्त्रज्ञ तिथून बाटल्या भरून काय नेतात रे?" प्रश्न चांगला आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

लोणार सरोवराच्या पाण्याचा सामू १० च्या आसपास असतो. अशा पाण्यात आपली पिकं तग धरत नाहीत, पण काही जिवाणूंना तेच मानवतं. अन्न पचवायला ते अंगाबाहेर एन्झाइम सोडतात, आणि ते एन्झाइम एवढ्या अल्कधर्मी पाण्यातही काम करतं. आता कपडे धुण्याची पावडर आठवा. तिचं पाणीही अल्कधर्मीच. रक्ताचे, दुधाचे डाग म्हणजे प्रथिनं, ती तोडायला पावडरीत प्रोटिएज नावाचं एन्झाइम घालतात. साधं एन्झाइम त्या पाण्यात टिकत नाही. म्हणून लोणारसारख्या जागी शोध चालतो.

शोधायची पद्धत समजायला सोपी आहे. चिमूटभर गाळ निर्जंतुक पाण्यात पातळ करत न्यायचा आणि दूध घातलेल्या आगर जेलीच्या बशीवर पसरायचा. ज्या ठिपक्याभोवती दुधाळपणा जाऊन पारदर्शक कडं दिसतं, तो जिवाणू प्रोटिएज सोडतोय. तो वेगळा काढून शुद्ध करायचा, मग टाकीत वाढवायचा. टाकीत त्याला खुराक म्हणून बऱ्याचदा सोयाबीनची पेंडच देतात! शेवटी जिवाणू गाळून काढायचे, उरलेल्या पाण्यात एन्झाइम.

इथे एक फरक ध्यानात ठेवा. एन्झाइम जिवंत नसतं, ते वाढत नाही. कल्चर जिवंत असतं. पाचट कुजवायची बाटली घेताना लेबलवर जिवाणूंची संख्या आणि मुदत बघा, आणि बाटली उन्हात ठेवू नका.

आता खरा मुद्दा. १९६६ साली अमेरिकेतल्या यलोस्टोन उद्यानातल्या गरम झऱ्यातून थॉमस ब्रॉक यांनी एक जिवाणू गोळा केला. त्याचं एन्झाइम पुढे पीसीआर तंत्राचा कणा झालं. कोरोनाची आरटीपीसीआर चाचणी त्याच तंत्रावरची. १९९१ मध्ये पीसीआरचे पेटंट हक्क ३० कोटी डॉलरला विकले गेले. ज्या उद्यानातून जिवाणू आला, त्याच्या वाट्याला त्यातलं काही आलं नाही.

आपल्याकडे २००२ चा जैवविविधता कायदा आहे. त्यात सूक्ष्मजीवही जैविक स्रोत धरलेत. कोणी व्यापारासाठी ते वापरले, तर लाभाचा वाटा स्थानिकांपर्यंत पोचावा, हा त्याचा हेतू. त्यासाठी ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती आणि लोक जैवविविधता नोंदवही असायला हवी. कित्येक गावांत समिती कागदावरच असते, नोंदवही कपाटात.

संशोधनाला आडवं जायचं नाही. उलट नमुना घ्यायला आलेल्या पोरांना चहा पाजा, काय सापडलं ते विचारा. पण कुठला गाळ, कुठलं तळं, कोणी कधी नेलं, एवढं गावाच्या दफ्तरी लिहिलेलं असावं. सातबाऱ्यावर पीकपेरा नोंदवायला आपण धडपडतो, तर मग मातीतल्या जिवांची नोंद कोणी ठेवायची?

येत्या ग्रामसभेत नोंदवही दाखवा म्हणून मागणी करा. आणि तुमच्या गावात समितीवर कोण आहेत हे तुम्हाला माहीत आहे का, खाली जरूर लिहा.