झिरोचे पाट

अरुणाचलात बराच वेळ आपण डोंगरच चढत असतो. एका बाजूला दरड, दुसऱ्या बाजूला दरी, आणि सपाट जमीन म्हणून दिसते ती रस्त्यापुरती. मग दीड हजार मीटरच्या वर एका वळणापलीकडे झिरोचं खोरं उघडतं आणि डोळ्यांचा विश्वास बसत नाही. डोंगरांच्या कड्यात इकडून तिकडे नुसती भातखाचरं. आषाढातला पाऊस थांबलेला, पाण्यात पोपटी रोप आणि त्यावरून सरकणारे ढग. आपातानी लोकांचा हा मुलूख. गाडी सोडून मी पायी निघालो, कारण खोऱ्यातली गावं एकमेकांना बांधांनी जोडलेली आहेत आणि बांधावरून चालणाऱ्यालाच ती कळतात.

पहिलं नवल वाटलं ते गावांच्या दाटीचं. होंग काय, हारी काय, हिजा काय, घरं अशी खेटून की एकाच्या सज्ज्यातून दुसऱ्याच्या सज्ज्यात हात मिळवावा. लाकडी खांबांवर उचललेली, बांबूच्या तट्ट्यांची ही घरं मुळात दाटीनं बांधली, कारण सपाट जमीन भाताची आहे; तिच्यावर घर पसरवायचं नाही. दाटीत आगीचं भय मोठं, म्हणून धान्याची कोठारं घरांपासून दूर, गावाच्या कडेला. घर जळालं तरी वर्षाचं अन्न वाचावं. गावाबाहेर बांबूच्या आणि निळ्या पाइनच्या राया आहेत, त्याही कुंपण घालून राखलेल्या. हा बांबू आणि हा पाइन आमच्या पूर्वजांनी स्थलांतराच्या वाटेवर बरोबर आणला, असं इथे सांगतात. घर बांधायचं साहित्य सोबत घेऊन निघालेल्या माणसांची ही आठवण मला फार आवडली.

खाचरांत नांगर नाही, बैलही नाहीत. मिथुन नावाची इथली गुरं आहेत, पण ती रानात मोकळी. शेताला जुंपत नाहीत. माती खणायची ती कुदळीनं, चिखल तुडवायचा तो पायांनी, आणि लावणी-बेणणीचा मोठा भार बायकांवर. टोपल्या पाठीशी, पट्टा कपाळाला. कपाळापासून हनुवटीपर्यंत गोंदलेल्या आणि नाकपुड्यांत काळ्या लाकडी चकत्या असलेल्या आज्या अजून भेटतात. ती रीत 1970च्या दशकात थांबली. त्या आज्यांकडे पर्यटक कॅमेरा रोखतात तेव्हा वाईट वाटतं. त्यांच्या हातांकडे कुणी बघत नाही, आणि हे खोरं उभं आहे ते त्या हातांवर.

बांधसुद्धा मोकळा नाही. त्याच्यावर नाचणी. खाली पाण्यात भात, आणि भाताच्या मुळांशी मासे! मी ओणवा होऊन बघत राहिलो. खाचराच्या मधोमध एक खोल चर असतो. पाणी कमी झालं की मासे तिथे जमतात. मत्स्य विभागानं 1960च्या दशकात कार्पचं बीज दिलं आणि लोकांनी ते आपल्या शेतीत असं बसवून घेतलं की आज ते परंपरेचंच वाटतं. मासे किडे-तण खातात, त्यांची विष्ठा भाताला मिळते. वरून विकतचं खत नाही. गावातल्या डुकरा-कोंबड्यांची घाण, चुलीची राख, पेंढा, पावसाच्या ओहोळात येणारं सगळं खालच्या खाचरांत जातं. गावात केर म्हणावं असं काही शिल्लकच राहत नाही.

1944 साली मानववंशशास्त्रज्ञ क्रिस्तोफ फॉन फ्यूरर-हाइमेनडॉर्फ इथे आले. भोवतालच्या डोंगरांतले लोक जंगल जाळून फिरती शेती करत होते आणि मध्ये हे एक खोरं वर्षानुवर्षं त्याच जमिनीत पिकत होतं. 1962 साली त्यांचा आपातानींवरचा ग्रंथ आला. युनेस्कोच्या संभाव्य वारसास्थळांच्या यादीत 2014 पासून झिरो आहे. पण मला ओढ होती ती पाण्याची. एवढ्या खाचरांत पाणी सारखं कसं पोचतं?

रानातल्या झऱ्यांवर दगड-लाकडांचे छोटे बंधारे, तिथून पाट, पाटातून चाऱ्या. बांधाच्या आत लाकडाची किंवा बांबूची नळी बसवलेली. तिची उंची कमी-जास्त केली की खाचरात पाणी किती राहावं ते ठरतं. एका पाटावर ज्यांची शेतं, त्यांचा मिळून एक बोगो. पाट साफ करणं, फुटला तर बांधणं, हे त्यांच्याकडे. वयानं जोडीची मुलं-मुली पातांग नावाच्या टोळ्यांत लहानपणापासून एकमेकांच्या शेतात राबतात. पाणी वर जंगलात जन्मतं हे प्रत्येकाला ठाऊक, म्हणून डोंगरमाथ्यावरची कुऱ्हाड हा सगळ्यांचा प्रश्न. हे मी वाचलं होतं. बघितलं तेव्हा मात्र छाती भरून आली, कारण असंच काही मी लहानपणी पाहिलं आहे.

माझं गाव धुळ्याकडचं. पांझरेवरची फड बागायत ज्यांनी पाहिली त्यांना कळेल. बंधारा, पाट, पाटाखालची जमीन फडांत वाटलेली, एका फडात एकच पीक, आणि प्रत्येकाची थोडी जमीन प्रत्येक फडात, म्हणजे टंचाईचा भार सगळ्यांवर. पाणी द्यायला पाटकरी, राखणीला जागल्या. मग नदीच्या वरच्या अंगाला धरणं आली, शेतात विहिरी आणि मोटारी आल्या, ज्याचं त्याचं पाणी झालं. फडाला माणसं उरली नाहीत. झिरोतही पोरं नोकरीला इटानगरला जातात, डोंगरउतारांवर किवीच्या बागा वाढताहेत, पत्र्याची नि सिमेंटची घरं उठताहेत. काळजी मलाही वाटली. तरी इथल्या पाटाला अजून माणसं आहेत.

होंगजवळ एक काका पाटाच्या कडेनं वर निघाले होते, खांद्यावर कुदळ. अरुणाचलात हिंदी सगळीकडे चालते, त्यामुळे बोलणं अडलं नाही. फडाची गोष्ट सांगितली तेव्हा ते थांबले. तुमच्याकडे पाट कोणत्या महिन्यात साफ करता, पाटकऱ्याला काय देता, तो सगळ्यांच्या मर्जीतला लागतो का, असे त्यांचे प्रश्न. पाटकऱ्याला धान्य मिळायचं, हे ऐकून त्यांनी मान हलवली. मग साफसफाईला जो येत नाही त्याचं काय करता, हे मी त्यांना विचारलं आणि त्यांनी मला, आणि बंधाऱ्यापर्यंतची सगळी चढण आम्ही त्याच विषयावर चढलो.