दाभण, दुपटं आणि बावन्न दाणे



परवा ढेलजेतला पसारा आवरताना सुतळीच्या गुंडीत खोचलेलं दाभण सापडलं. मे संपत आलाय, घरचं सोयाबीन बियाणं तपासायचे दिवस आहेत, म्हणून या दाभणाची गोष्ट आजच लिहून टाकतो. थोडी लांब आहे, पण कामाची आहे.

२०२० चा पाडवा २५ मार्चला होता आणि त्याच दिवसापासून टाळेबंदी लागली. आपल्याकडं पाडव्याला सालगड्याचं साल बदलतं. त्या वर्षी जुना गडी त्याच्या गावी गेला अन् नवा आलाच नाही. हरभऱ्याची रास घरात, आडत बंद. आमचं गाव कंधार तालुक्यात, पलीकडं लातूर जिल्हा. एरवी हद्द कुठून जाते ते कुणी विचारत नाही. त्या महिन्यात मात्र रस्त्यावर बॅरिकेड लागलं आणि अहमदपूर तालुक्यात दिलेली माझी धाकटी बहीण परमुलखात गेल्यासारखी झाली. तिला आठवा महिना होता. बाळंतपण माहेरी करायचं ठरलं होतं, ते राहिलं.

माय दोन दिवस काही बोलली नाही. तिसऱ्या दिवशी तिनं पेटीतून आमच्या वडिलांचं जुनं धोतर काढलं. वडील जाऊन तेव्हा सहा वर्षं झाली होती. म्हणलं, "हे कामून काढलंस?" तर म्हणे, "जुनं कापड लेकराला टोचत न्हाई." वर-खाली धोतराचा पदर, मधी तिच्याच इरकल लुगड्याचा तुकडा, असं दुपटं तिनं घातलं. रामायण दूरदर्शनवर परत लागलं होतं. रात्री नऊला सगळं घर टीव्हीपुढं आणि माय सुई घेऊन खांबाला टेकलेली.

दोरा आठ दिवसांत संपला. दुकानं बंद. मग तिनं मला खताच्या रिकाम्या पोत्यांची थप्पी काढायला लावली. पोत्याच्या तोंडाची शिवण बरोबर बाजूनं ओढली की सरसर उसवते, उलट्या बाजूनं ओढली की गाठ बसते. असा पांढरा दोरा काढून, धुऊन, रिळाला गुंडाळून तिनं पुढचं काम केलं. गावातल्या बचत गटाच्या बायका तेव्हा मशीनवर मास्क शिवत होत्या, त्यांच्याकडून कापडाच्या चिंध्या आल्या, त्या काठाला लागल्या.

मला रिकामं बसलेलं बघून मायनं माझ्या हातात दाभण दिलं. कारणही तसंच होतं. बंगालमधल्या ताग गिरण्या बंद पडल्यामुळं बारदान्याची देशभर ओढ झाली होती. घरातली निम्मी पोती उंदरांनी कुरतडलेली. ठिगळ आतून लावायचं, टाका तिरपा घ्यायचा, सुतळीला आधी पाण्याचा हात लावायचा, तोंड शिवताना दोन्ही टोकांना कान सोडायचे म्हणजे हमालाला धरायला येतं, हे सगळं वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी शिकलो. दुपट्याच्या एका कोपऱ्यावरही हात चालवून बघितला. सकाळी बघतो तर मायनं माझे टाके उसवून टाकलेले. "लांब टाक्यात लेकराचं बोट गुततंय," एवढंच बोलली. एक ओळ मात्र तिनं ठेवली.

आता चूक सांगतो.

२०१९ च्या ऑक्टोबरात काढणीच्या वेळी पावसानं सोयाबीनची काय दैना केली ते सगळ्यांना आठवत असेल. आमचं थोडं रान आधी मळून झालं होतं, त्यातली एमएयूएस ७१ ची साठ किलोची तीन पोती बियाण्याला राखली होती. दोन आमच्या चार एकरांना, एक दाजींच्या दोन एकरांना. तिन्ही फळ्यांवर नीट रचलेली. बारदाना शिवायला बसायचं तर टेकायला काहीतरी पाहिजे, म्हणून मी वरचं पोतं ओढून धाडकन खाली टाकलं आणि त्यावर बसकण मारली. महिना-सव्वा महिना तीच माझी गादी. दुपारचं ऊनही तिथंच यायचं.

सोयाबीनच्या दाण्याची साल किती पातळ असते, कोंब सालीच्या अगदी खाली असतो, पोतं आदळलं की दाणा वरून चांगला दिसतो पण आतून मार खातो, हे मला माहीत नव्हतं असं नाही. मी स्वतः लोकांना सांगत फिरलोय. पण आपल्या घरात आपण कुठं इतकं बघतो.

मेच्या पहिल्या आठवड्यात बहिणीला मुलगी झाली. महिनाअखेरीस गावातला एक टेम्पो पास काढून अहमदपूरकडं निघाला. घाईघाईत दाराजवळचं पोतं चढवलं, म्हणजे तेच, माझ्या बसण्याचं. वर कागदात बांधलेलं दुपटं. पोतं जायच्या आधी तिन्हीतला मूठ-मूठ नमुना काढून ठेवला होता, तेवढं एक बरं केलं. त्याच संध्याकाळी उगवण तपासायला टाकली.

सहाव्या दिवशी गोणपाट उलगडलं. पहिलं पोतं ८१. दुसरं ७९. तिसरं ५२.

शंभरात सत्तर उगवले तर एकरी ३० किलो बी लागतं. सत्तरच्या खाली दर टक्क्याला अर्धा किलो वाढवत साठपर्यंत निभतं, म्हणजे ३५ किलो. साठच्या खालचं बी पेरूच नये. म्हणजे दाजींकडं गेलेलं पोतं बियाणं नव्हतंच, नुसता धान्याचा माल होता.

खरं सांगतो, त्या रात्री मनात आलं, गप बसावं. नाही उगवलं तर पावसावर जाईल, पक्ष्यांवर जाईल. भाऊ म्हणून मला कोण बोलणार होतं? माय उठून पाणी प्यायला आली, तिनं तिन्ही गोणपाटं बघितली. "हे कुठलं?" म्हणली. मी म्हणलं, "लेकीकडं गेलं ते." ती जरा वेळ उभी राहिली आणि म्हणली, "उसव."

सकाळी फोन केला. "दाजी, ते पोतं पेरू नका, माझ्या हातून खराब झालंय." पलीकडं शांत. मग म्हणले, "मग दादा, मी पेरू काय?" त्यांचं बरोबर होतं. आमच्या दोनातलं ८१ चं पोतं त्यांना पाठवलं, ५२ चं आडत सुरू झाल्यावर विकलं, आणि आमच्या दोन एकरांना बियाणं विकत आणलं. गडबडीत ते तपासायचं राहिलं, ही दुसरी चूक.

जूनच्या मध्याला चांगला पाऊस झाला, पेरलं. आठव्या दिवशी घरच्या बियाण्याचे दोन एकर ओळीनं वर आले आणि विकतचे दोन एकर रिकामे. उकरून बघितलं तर दाणे कुजलेले. त्या खरिपात मराठवाडाभर हीच बोंब होती, औरंगाबाद खंडपीठानं तर स्वतःहून दखल घेतली. मीही तक्रार दिली, पंचनामा झाला, दुबार पेरणी पदरच्या पैशानं केली. ते बियाणं कुठं भिजलं, कुठं आदळलं, मला सांगता येणार नाही. माझ्या पोत्याचं मात्र मला ठाऊक होतं.

आता कामाचं. पोत्यातला वरचा, मधला, तळाचा असा नमुना घ्या. निवडून चांगले दाणे घेऊ नका, येतील ते शंभर मोजा. ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या दहा ओळी थोडं अंतर सोडून मांडा, वर दुसरं ओलं गोणपाट टाकून सैल गुंडाळी करा, सावलीत ठेवा, दिवसातून तीन-चार वेळा पाणी शिंपडा. सहा-सात दिवसांनी फक्त चांगले कोंब मोजा. प्रत्येक पोत्याची वेगळी तपासणी करा. विकतचं असलं तरी करा, आणि पिशवी, टॅग, पावती अन् थोडं बी जपून ठेवा. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय तिफणीला हात लावू नका. आणि बियाण्याचं पोतं लेकरासारखं उचलून ठेवा.

दाजींचे दोन एकर चांगले उगवले. जुलैत बहिणीनं फोटो पाठवला, बांधावर बाभळीच्या सावलीत दुपटं अंथरलेलं अन् त्यावर पोरगी. मायनं मोबाईल लांब धरून बराच वेळ बघितलं. मग म्हणली, "कोपऱ्यातली ती वाकडी ओळ तुझी."

पोरगी आता शाळेत जाते. यंदाचे नमुने काल टाकलेत. हे लिहितोय ते पाटावर बसून, पोत्यावर नाही.