भिंतीचें पोट

भिंतीला पोट येतें, हें मला वयाच्या चोपन्नाव्या वर्षापर्यंत ठाऊक नव्हतें. माणसाला येतें हें ठाऊक होतें. त्याचा पुरावा मी रोज आरशांत पाहतों. परंतु काळ्या दगडाची, सिमेंटांत बसविलेली, ५ फूट उंच आणि ४० फूट लांब अशी भिंत एखाद्या सुखवस्तु गृहस्थाप्रमाणें मध्यभागीं पुढें येऊं लागते, आणि तिचें हें पोट खाण्यानें नव्हे तर पिण्यानें येतें, हें ज्ञान मला २०२४ च्या जुलै महिन्यांत होऊं लागलें. त्या ज्ञानाची फी बरीच पडली. आणि तिचा मोठा हिस्सा रुपयांत मोजण्यासारखा नव्हता.

आमचें घर पुण्याच्या पश्चिम बाजूस एका टेकडीच्या उतारावर आहे. घरामागची जागा वर चढत गेलेली. तिचा उपयोग इतकीं वर्षें मुंगसें आणि मोडक्या खुर्च्या यांनाच काय तो होता. मुलगी नोकरीस लागली, घराचें कर्ज फिटलें, आणि पत्नीच्या मनांत वीस वर्षें दडून बसलेली बाग एकाएकीं उजेडांत आली. उतार कापून दोन सपाट टप्पे करायचे, मध्यें दगडी भिंत, वरच्या टप्प्यावर हिरवळ, खालच्यावर मोगरा, कढीलिंब आणि बसावयास एक कट्टा. आमच्या पिढीस बाग म्हटली कीं माळी आठवतो. आतां माळ्याच्या जागीं 'लँडस्केप'वाले आले आहेत. माळी रोपें लावीत असे. हे गृहस्थ जमीनच हलवितात. आम्हांला लाभलेले कंत्राटदार शेतकी कॉलेजचे पदवीधर होते. वय पस्तिशीच्या आंतबाहेर, बोलणें अदबीचें, आणि प्रत्येक वाक्याच्या दोन्ही टोकांना 'सर'. आपला विद्यार्थी नसूनही विद्यार्थ्यासारखा वागणारा मनुष्य प्राध्यापकाला फार लवकर आवडतो. २०२४ च्या जानेवारींत काम पुरें झालें, आणि पाहुण्यांना बाग दाखविण्याचा आमचा हंगाम सुरू झाला.

तो सहा महिने टिकला. जुलैच्या अखेरीस पुण्यावर असा पाऊस कोसळला कीं मुठेच्या कांठच्या वस्त्यांतून लोकांना होड्यांनीं बाहेर काढावें लागलें. त्याच सुमारास आमची भिंत मला जराशी जवळ आल्यासारखी वाटली. डोळ्यांचा दोष असेल म्हणून दोन टोकांना दोरी धरून पाहिली. मधोमध भिंत तीन इंच पुढें आलेली होती. मीं शेवटचा ६०,००० रुपयांचा हप्ता तत्काळ थांबविला. कंत्राटदार आले, 'सर, काळजी करूं नका, सर' म्हणाले, आणि ऑक्टोबरांत त्यांच्या माणसांनीं भेगा सिमेंटनें भरून काढल्या. गवंड्यांच्या भाषेंत दगडांच्या सांध्यांना दर्जा म्हणतात. दर्जा भरल्या म्हणजे काम दर्जेदार झालें, अशी माझी भाबडी समजूत झाली; भाषेचा नाद असलेल्या माणसाला शब्द असे फसवितात.

२०२५ सालीं पाऊस मे महिन्यांतच येऊन ठेपला. जूनमधील एका रात्रीं पोतीं उतरविल्यासारखा आवाज झाला. सकाळीं पाहतों तों भिंतीचा मधला आठ फुटांचा भाग मोगऱ्याच्या वाफ्यांत आडवा, आणि मागची काळी माती जिभेसारखी बाहेर लोंबत होती.

येथून आमचा पत्रव्यवहार सुरू झाला. मी अठ्ठावीस वर्षें तर्कशास्त्र शिकवीत आलों आहें. कावळा बसायला आणि फांदी मोडायला गांठ पडली म्हणून कावळ्याच्या भारानें फांदी मोडली असें म्हणूं नये, हें दरवर्षीं नव्या मुलांना सांगतों. कंत्राटदारांनीं लिहिलें, 'पाऊस अतोनात झाला, म्हणून भिंत पडली. शिवाय आपण हिरवळीस पाणी फार घालतां.' मीं उत्तरीं त्यांना काकतालीय न्याय समजावून दिला. माझें म्हणणें काय, तर भिंत त्यांनीं बांधली आणि ती पडली, सबब ती त्यांच्यामुळें पडली. हा युक्तिवाद आणि त्यांचा युक्तिवाद सख्खे भाऊ आहेत, हें मला त्या वेळीं दिसलें नाहीं. पत्रें मात्र फार सुंदर उतरलीं. दोन तर मीं पत्नीला वाचून दाखविलीं. ती म्हणाली, "अहो, पत्रांनीं भिंत उभी राहत असती तर एव्हांना किल्ला झाला असता."

सप्टेंबरांत एका वकील मित्राकडे गेलों. त्यानें सर्व शांतपणें ऐकून घेतलें आणि वाट दाखविली. १९८६ च्या ग्राहक कायद्याच्या जागीं २०१९ चा कायदा आला, तो २०२० पासून लागू आहे; तक्रारीचें कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आंत जिल्हा ग्राहक आयोगाकडे जावें लागतें; पांच लाखांपर्यंतच्या व्यवहारास फी नाहीं; आणि दोन्ही पक्षांची संमति असेल तर आयोग प्रकरण मध्यस्थाकडेही पाठवूं शकतो. "पण त्याआधीं," तो म्हणाला, "पडलेल्या जागेला हात लावूं नकोस. मोजमापें घे, छायाचित्रें घे, एखाद्या इंजिनियरचा लेखी अभिप्राय घे, आणि कंत्राटदाराला दुरुस्तीची संधि दिल्याचें पत्र पाठीव. आणि हो, अगदीं पहिला अंदाजपत्रकाचा कागद शोध. सही केलेला नव्हे. त्याच्या आधींचा, घासाघीस झाली तो. भांडणाचें मूळ बहुधा तेथें असतें."

तो कागद सांपडला आणि माझी झोप गेली. कंत्राटदारांनीं हातानें लिहिलेला तो तक्ता. त्यांत सातवी बाब अशी होती: 'भिंतीमागें रोड्यांचा थर व तळाशीं निचऱ्याची नळी: रु. २२,०००.' तिच्यावरून लाल शाईची एक ठसठशीत रेघ गेली होती, आणि समासांत माझ्या हस्ताक्षरांत एकच शब्द होता: 'अनावश्यक'. उत्तरपत्रिका तपासणाऱ्या हातानें, तपासतांना जितका विचार करतों तितकाच करून, मीं ती बाब नापास केली होती. मला आठवलेंही. त्या संध्याकाळीं मी खुशींत होतों. एका रेघेनें बावीस हजार वांचविले असें पत्नीला सांगितलें होतें. कंत्राटदारांनीं तो तक्ता माझ्याकडेच ठेवला आणि दुसऱ्या दिवशीं सातवी बाब वगळून छापील करार आणला. तेव्हां या रेघेचा साक्षीदार जगांत माझ्याशिवाय कोणी नव्हता.

मी खोटें बोलणारा माणूस नाहीं, अशी माझी स्वतःविषयीं समजूत आहे. तो कागद फाडावा असें माझ्या मनांत आलें नाहीं. परंतु तो दाखविलाच पाहिजे असें कोठें आहे, हा विचार आला. आणि तो एकटा आला नाहीं. तज्ज्ञ तो होता, मी नव्हे. धोका असेल तर त्यानें सांगावयास हवें होतें. रोगी कडू औषध नको म्हणाला तरी वैद्य तें सोडतो काय? हे युक्तिवाद चुकीचे होते असेंही नाहीं. चांगले होते, म्हणूनच मला त्यांची भीति वाटूं लागली. कागद घडी घालून सदऱ्याच्या खिशांत ठेवला आणि कंत्राटदारांना फोन केला: एकदां समक्ष या, आणि ज्यानें दगड बसविले त्या माणसाला बरोबर आणा.

तो माणूस म्हणजे साठीचा एक वडार. सगळे त्याला मामा म्हणत. आम्ही दोघे भिंतीच्या दोन बाजूंना उभे राहून फार सभ्य भाषेंत एकमेकांना टोंचीत होतों. मामानें आमच्याकडे लक्षच दिलें नाहीं. तो खिंडारांत उतरला, मागच्या मातींत कोपरापर्यंत हात घातला, मूठभर माती काढून दाबली आणि माझ्यापुढें धरली. "साहेब, पाणी कोंडलं व्हतं. काळी माती. पाणी पिऊन फुगती. मागं रोडा नाय, खाली नळी नाय. पाण्यानं जावं कुठं?"

मला एकाएकीं कोंकणांतला आमच्या आगराचा गडगा आठवला. नुसत्या जांभ्या दगडांचा, चुना नाहीं, सिमेंट नाहीं, दगडावर दगड. पावसाळ्यांत त्याच्या प्रत्येक फटींतून पाणी गळे, आणि तो उभा. चार दगड ढांसळले तर गणपतीनंतर वडील आणि शेजारचे काका ते परत रचीत. कोणाच्या बाजूनें ढांसळले हें कोणी विचारीत नसे, कारण काम संपल्यावर पोहे आमच्याच घरीं होत. मुंबई-पुण्याच्या पैशानें ज्यांनीं पुढें तेथें सिमेंटचे पक्के गडगे घातले, त्यांच्यापैकीं दोघांचे अखंडच्या अखंड आडवे झालेले मीं पाहिले होते. पाहिले होते, परंतु त्यांतून कांहीं घेतलें नव्हतें. घरीं येऊन पुढें मीं हिशेब केला: भिंतीमागें पांच फूट पाणी तुंबलें तर भिंतीच्या दर फूट लांबीवर सुमारें ३५० किलोंचा रेटा येतो, चाळीस फुटांवर चौदा टन. आणि हा नुसत्या पाण्याचा, मातीचा निराळाच.

"भोकं पण नव्हतीं का ठेवलीं?" मीं विचारलें.

"व्हती की. धा भोकं व्हती. मागल्या साली दर्जा भरताना बुजवली." मामा कंत्राटदारांकडे पाहून म्हणाला, "मला म्हणले, गच्च भर. मी गच्च भरलं."

कंत्राटदारांचा चेहरा उतरला. इतक्या महिन्यांत त्यांनीं प्रथमच वाक्य 'सर'शिवाय सुरू केलें: "त्या भोंकांतून माती वाहून तुमच्या फरशीवर डाग पडत होते. तुम्हींच फोनवर म्हणाला होता."

म्हणालोंही असेन. परंतु तें सिद्ध करणें त्यांना अशक्य होतें, हें त्या क्षणींही माझ्या ध्यानांत आलें. वादविवादाची संवय फार वाईट. मी जिंकलों होतों. निचऱ्याचीं भोंकें स्वतःच्या हातानें बंद करणारा कंत्राटदार कोणत्याही आयोगापुढें टिकला नसता. त्यांनींही तें ओळखलें होतें. ते वाफ्यांतल्या दगडांकडे पाहत उभे होते, परीक्षेचा निकाल लागल्यावर फळ्यासमोरून हलत नाहीं अशा मुलासारखे. तसली मुलें मीं पुष्कळ पाहिलीं आहेत.

मीं खिशांतला कागद काढून त्यांच्या हातांत दिला.

त्यांनीं तो वाचला, लाल रेघ पाहिली. बराच वेळ कांहीं बोलले नाहींत. मग म्हणाले, "सर, मला त्या दिवशींच सांगायला हवं होतं की हे काढून चालणार नाही. पण तुम्ही म्हणाला असता, मग दुसरा कंत्राटदार बघतो. माझं ते पहिलंच मोठं काम होतं." मीं तसें म्हटलें असतें काय? नक्की म्हटलें असतें.

यानंतरची वाटाघाट सांगण्यासारखी फारशी नाहीं. ती कट्ट्यावर बसून अर्ध्या तासांत झाली. उरलेली भिंतही उतरवून सगळी नव्यानें बांधायची. मजुरी आणि सिमेंट त्यांचें. रोडे, नळी आणि वाहतूक माझी, म्हणजे ती वांचविलेली सातवी बाब, जी आतां २२,००० ऐवजीं २७,००० झाली होती. अडविलेल्या हप्त्यापैकीं निम्मे लगेच, निम्मे एक पावसाळा पार पडल्यावर. मीं सर्व एका कागदावर लिहिलें; या वेळीं निळ्या शाईनें. सह्या करणार तोंच मामा नळावर हात धुतां धुतां म्हणाला, "माझं मागल्या दर्जांचं निम्मं ऱ्हायलंय तेवढं बगा." कंत्राटदार खालीं पाहून म्हणाले, "सरांचा हप्ता आला की देतो म्हणालो होतो." म्हणजे आम्ही दोघे एकमेकांस काकतालीय न्याय शिकवीत होतों, तेव्हां आमच्या वादाचें व्याज वर्षभर हा म्हातारा भरीत होता. मामाची मजुरी हें कलम मीं कागदाच्या अगदीं वर, शीर्षकाच्या आधीं घातलें. जागा नव्हती, अक्षर बारीक आलें.

भिंत २०२५ च्या डिसेंबरांत पुरी झाली. मागें दीड फूट जाडीचा रोडा, तळाला भोंकांची नळी, आणि दर चार फुटांवर एक अशीं दहा तोंडें. पावसास अवकाश होता म्हणून मामानें वरच्या टप्प्यावर पाण्याचा पाइप सोडून ठेवला आणि आम्ही चौघे खालीं रांगेनें बसलों. पत्नीनें चहा आणला. वीस मिनिटें कांहींच झालें नाहीं. मग मधल्या एका तोंडांतून गढूळ पाण्याची करंगळीएवढी धार आली, तिच्यामागून शेजारची, मग एकेक करून बाकीचीं. फरशीवर तांबूस डाग पसरला. पत्नी माझ्याकडे पाहत होती. मीं डागाविषयीं चकार शब्द काढला नाहीं. डावीकडचें शेवटचें तोंड तेवढें कोरडें राहिलें. मामानें त्यांत काडी घालून पाहिली, कान लावला, आणि "तिकडं ढाळ कमी हाय, पावसात येईल" असें म्हणून चहाचा कप उचलला.